तीन वाजताचं उत्तर

रेडिओकाकांनी आपलं दुरुस्तीचं दुकान बंद केलं, तेव्हा आता हा माणूस दोन घटका घरात बसेल असं काकूंना वाटलं होतं. पण बसतील ते रेडिओकाका कसले. महिनाभरात गच्चीवर पत्र्याची खोली उभी राहिली आणि तिच्या डोक्यावर एक धूड चढलं. सायकलच्या दोन रिमा, मोडक्या छत्र्यांच्या काड्या आणि वर गुंडाळलेली तांब्याची तार. दुसऱ्या ग्रहावर कोणी असेलच तर त्याच्याशी बोलायचं यंत्र म्हणे ते. गल्लीने यथेच्छ टर उडवली. दूधवाला तर रोज सकाळी विचारायचा, "काका, वरून काही निरोप?" काका शांतपणे सांगायचे, "अजून नाही. लांबून यायचाय, वेळ लागेल."

रोज दुपारी तीनच्या ठोक्याला काका कानाला हेडफोन लावून बटण दाबायचे. दोनदा, मग तीनदा, मग पाचदा. प्रत्येक वेळी बझर गुरगुरायचा आणि त्याची गुरगुर छतातून खालच्या खोलीत उतरायची. मग दहा मिनिटं नुसतं ऐकायचं, पुन्हा पाठवायचं, असं चारपर्यंत. यातलं मर्म त्यांनी काकूंना एकदा जेवताना समजावलं होतं.

"आपली भाषा त्यांना कशी कळणार? पण आकडे सगळीकडे तेच. दोन, तीन, पाच. दुसऱ्या कुठल्या आकड्याने भाग जात नाही, असे. पुढचा सात."

"मग सरळ एक, दोन, तीन का नाही पाठवत?"

"एक, दोन, तीन तर आपला नळसुद्धा टपकतो. हे मात्र आपोआप होत नाही. याला डोकं लागतं."

काकूंना पटलं. ताटं उचलताना त्यांनी सात, अकरा, तेरा असं मनातल्या मनात पुढे मोजूनही पाहिलं, आणि ते कोणाला सांगितलं नाही.

आठ महिने असे गेले. मग एका दुपारी काका दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरले. काकू पलंगावर पडल्या होत्या. खरं म्हणजे पावलं ऐकून धावत जाऊन पडल्या होत्या, पण ते पुढे येईलच.

"अगं, आलं," काका म्हणाले.

"कोण आलं?"

"उत्तर. दोन, तीन, पाच. मी पाठवल्यावर दोन मिनिटांनी. प्रतिध्वनी असता तर लगेच आला असता ना?"

एकोणतीस वर्षं लोकांचे मुके रेडिओ बोलते करणारा हा माणूस तेच तीन आकडे पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. काकूंनी पाण्याचा पेला दिला तर तो हातात तसाच राहिला.

त्यानंतर उत्तर बहुतेक रोज येऊ लागलं. काकांची चाल बदलली, भूक वाढली. शेवटी ते मागच्या गल्लीतल्या प्राध्यापकांकडे गेले. पदार्थविज्ञान शिकवणारे हे गृहस्थ काकांना न हसणारे गल्लीतले एकटेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपलंच बोलणं परत करणं पोपटालाही जमतं. पुढचा आकडा आला, सात, तर मात्र मी स्वतः कागदावर सही करून देतो. पुढच्या रविवारी तीनला येतो." काका त्या सहीवर इतके खूश झाले की त्यांनी दूधवाल्यालाही रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं.

नेमका त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी काकूंना ताप आला. तीन दिवस त्या खरोखरच पडून होत्या. काका उशाशी बसायचे, गोळ्या द्यायचे, आणि तीन वाजले की अपराध्यासारखं तोंड करून वर जायचे. खाली यायचे ते पडलेल्या चेहऱ्याने.

"आजही काही नाही," तिसऱ्या दिवशी ते म्हणाले. "काय झालं असेल गं त्यांना?"

गुरुवारी काकूंना बरं वाटलं. दुपारी काका वर गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं, शिलाईच्या मशीनवरचं कापड काढलं आणि शिवायला आलेल्या शाळेच्या पँटींना पट्टा अडकवायचे लूप लावायला घेतले. वर गुरगुर झाली, थांबली. थोड्या वेळाने काकूंनी पायाखालचं मोटरचं पेडल दाबायला सुरुवात केली, आणि वरून काकांची आरोळी ऐकू आली, "आलं!"

काकूंचा पाय जागच्या जागी थिजला. त्या पायाने आत्ता काय केलं ते त्यांना आठवलं. लूपला छोटे छोटे टाके लागतात, मोटर मध्येमध्ये थांबवत चालवावी लागते. आठ महिने ती गुरगुर डोक्यावर ऐकून पायाला तिचा ठेका लागला होता, गाण्याचा लागतो तसा. दोन, तीन, पाच. मोटर जुनी, आत ठिणग्या उडायच्या, त्या अंधारात दिसायच्यासुद्धा. अशा ठिणग्यांनी रेडिओत खरखर येते; वरच्या यंत्राला ऐकू जायला तेवढं पुरे होतं.

आता सांगायची गोष्ट ही, की काकू दुपारी झोपतात असं काका समजून होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनीच दटावलं होतं, "दुपारी मशीनला हात लावायचा नाही." काकूंनी मान डोलावली आणि काही वर्षं पाळलंही. मग मुलगी नोकरीसाठी दूर गेली. पडून राहिलं की घर अंगावर यायला लागलं. काका दुकानात, घरात घड्याळाची टकटक. काकूंनी गुपचूप मशीन उघडलं. दुकान बंद झाल्यावर काका घरात आले खरे, पण आले ते थेट गच्चीवर.

म्हणजे काकांना खरं सांगावं तर त्यांचं उत्तर हिरावणार, आणि वर आपली सहा वर्षांची लबाडी उघडी पडणार. न सांगावं तर रविवारी माणसांपुढे त्यांची शोभा होणार. आणि तिसरंही काहीतरी होतं, ज्याचा विचार काकूंना शनिवारपर्यंत सोडेना. रविवारी तीन वाजता सात वेळा पेडल दाबायचं. बस, एवढंच. प्राध्यापक सही करतील, दूधवाल्याचं तोंड बंद होईल, आणि काका उरलेला जन्म ताठ मानेने चालतील.

शनिवारी दुपारी त्यांनी पाय पेडलवर ठेवूनही पाहिला. पण मग त्यांना दिसलं, काका ती सही चारचौघांत दाखवतायत, आणि आपण शेजारी उभ्या आहोत. सगळ्या जगाला ठाऊक नसलेलं एकट्या आपल्याला ठाऊक आहे. ते त्यांना सहन होईना. काका वर जायला निघाले तशी त्यांनी हाक मारली.

"अहो, आज वर जाऊ नका. ते उत्तर मी देते. म्हणजे माझं मशीन देतं."

काका पहिल्या पायरीवर थांबले. "दुपारी तर तू झोपतेस."

"नाही झोपत. सहा वर्षं झाली."

काका पायरीवरून खाली आले. मशीनपाशी जाऊन त्यांनी मोटर हातात घेतली, वास घेतला, पेडल दाबून आतल्या ठिणग्या पाहिल्या. दुकानात खरखरणारा रेडिओ घेऊन कोणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, घरात कुठे मोटर चालते का? एकोणतीस वर्षांत हजार घरांना विचारला असेल. स्वतःच्या घराला विचारायचा राहून गेला, कारण त्यांच्या हिशेबी त्या वेळी त्या घरात काहीच चालत नव्हतं.

"मोटरचे कार्बन पार झिजलेत," ते शेवटी म्हणाले. "कधी बदलले होते?"

"तुम्हीच बदलले होते. मुलगी शाळेत होती तेव्हा."

काकांनी हत्यारांची पेटी आणली. नवे कार्बन बसवले, खरखर गिळणारा एक छोटा कंडेन्सर जोडला, पेडल दाबून पाहिलं. मशीन मांजरासारखं मऊ चाललं. ते आता कोणालाच ऐकू जाणार नव्हतं. हत्यारं पुसताना ते खाली मान घालून म्हणाले, "दुपारी तू काय करत असशील, हे कधी मनातच आलं नाही गं माझ्या."

काकूंना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं.

संध्याकाळी काकांनी प्राध्यापकांना फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. सकाळी दूधवाल्याने विचारलंच, "काका, वरून निरोप?" काका म्हणाले, "वरून नाही. खालून होता." आणि पातेलं घेऊन आत आले. रविवारी तीन वाजता मात्र ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. या माणसाने हातपाय गाळलेले काकूंनी कधी पाहिले नव्हते.

सोमवारी तीन वाजले. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. गुरगुर झाली. दोन, तीन, पाच. मग शांतता.

काकूंनी दार सताड उघडं ठेवलं होतं. त्यांनी कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली, स्टुलावर चढल्या आणि छतावर ठोकलं. सावकाश, मोजून, सात वेळा.

वर खुर्ची मागे सरकली. मग जिन्यावर पावलं वाजली. काका दारात आले, हेडफोन गळ्यात लोंबत होते.

"सात तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच," काकू म्हणाल्या. "पुढे अकरा येतो."

काकांनी हेडफोन गळ्यातून काढले. मग आत येऊन त्यांनी दुसऱ्या स्टुलावरचा पँटींचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि मशीनशेजारी बसले. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि चारपर्यंत ते वर गेले नाहीत.