शेवटचं पान आधी

बाडाची शिवण उजव्या अंगाला होती... आळंदच्या टपाल कचेरीत उभ्या असलेल्या गुरुशांतप्पा मास्तराच्या बोटांना ती आत्ता जाणवली. जिल्दसाज खाजामियाँनं जन्मभर उर्दू पुस्तकं बांधली, कादंबरीचं बाडही सवयीनं तसंच बांधलं. आणि आपण उर्दूत शिकलेले, तीन दिवस उलटंसुलटं करूनही आपल्याला काही वावगं दिसलं नाही. पुण्याचा प्रकाशक डावीकडून उघडेल—शेवटचं पान आधी वाचेल. वाचू दे की! घरी कानडी, शाळेत उर्दू आणि लिहायला मराठी, चार वर्षांत चारशे पानं. कुठूनही उघडा, माणूस जागचा हलणार नाही. आज मात्र रवाना व्हायला हवं होतं, मुदत महिनाअखेरची होती.

पोस्टमास्तर नरहररावांनी बाड घेतलं, डावीकडून उघडलं आणि उभ्या उभ्या वाचत राहिले. त्या पानावर, रझाकारांच्या भीतीनं सोलापूरकडच्या छावणीत गेलेली गंगव्वा वर्षानं परत येते, घराचं कुलूप काढते.

“सुरवात लई जमली की, मास्तर. मग आत काय होतं?”

“ते शेवटचं पान हाय.”

“शेवटचं? आन् दारातच कामून थांबलाव?”

कामून... कलेचा संयम, हे उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. पण डोळ्यांपुढं आलं ते छावणीतून परतलो त्या दिवशीचं खजुरी गावातलं आपलंच घर—पुढं कुलूप तसंच, परसातलं दार उचकटलेलं, आणि आत चूल सारवलेली, आमची भांडी धुऊन पालथी घातलेली, खुंटीवर लहान पोरीचा हिरवा कुडता. पोलीस ॲक्शनमध्ये निजामी संपल्यावर कुठल्या मुसलमान घरांना लपावं लागलं होतं ते सगळं गाव जाणून होतं, ते लोक पुढं कुठं गेले ते कुणी कुणाला विचारलं नाही. मीही नाही. कुडता मी चुलीत घातला... संयम कसला, भ्यालो होतो.

“लाख लावू का?” नरहररावांनी कांडी मेणबत्तीवर धरली होती.

त्याचा हात बाडावरच राहिला. मुदत टळेल, चार वर्षं पाण्यात जातील, हे कळत होतं—पण त्याला चक्क हुशारी वाटत होती. दारामागचं हे आपल्याला लिहिता येईल, आपल्यालाच येईल... कुडता पेटला तेव्हा खिशातले चिंचोके तडतडले होते, हे त्याला आज पहिल्यांदा आठवत होतं.