पन्हळीखालची वेल

भिकाजी दुसऱ्यांदा मागच्या पडवीत येऊन उभा राहिला, तरी मैना परसातच होती. एका हातात किवीचं पिवळं पडलेलं पान आणि दुसऱ्या हातात फोन. फोनमधून एका पुरुषाचा सावकाश, समजूतदार आवाज येत होता.

"शिरा हिरव्या आहेत ना? मग रोग नाही हा. मुळाशी कुठून तरी पाणी साचतंय. आळं मोकळं करून बघा."

"व्हय सर, बघते," मैना म्हणाली.

"चहा मिळंल काय आज?" भिकाजीने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

"गाळून ठेवलाय. घ्या ना."

चहा खरंच गाळून, झाकून ठेवला होता. त्याचाच त्याला जास्त राग आला.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये भिकाजीची तेहतीस वर्षं गेली. घरी येऊन ग्रीसचे हात धुवायचे, जेवायचं आणि आडवं व्हायचं. मिरजोळ्याचं घर, मुलीची शाळा, मागचं परस हे सगळं मैनाने बघितलं. तीन वर्षांपूर्वी तो रिटायर झाला. त्याच पावसाळ्यात पुण्याहून मनस्वीने आईसाठी किवीची दोन कलमं मागवून पाठवली, एक नर, एक मादी. खाली कातळ, त्यामुळे खड्डा मारायला मैनाने गडी बोलावला. भिकाजी तेव्हा आत टीव्ही बघत होता.

वेली पाइपाच्या मांडवावर चढल्या. उन्हाळ्यात पानं करपायला लागली तशी तिने हिरवी जाळी बांधली, मुळाशी पेंढा पसरला. भिकाजी येता-जाता विचारायचा, "काय गो, कधी लागनार तुजी किवी? नातवाच्या लग्नात?" मैना हसायची नाही आणि चिडायचीही नाही.

मग मोबाइलवरच्या परसबागेच्या ग्रुपात तिला हे सर भेटले. गोपाळकृष्ण बिवलकर, गुहागरचे. जन्मभर रोपवाटिकेत काम केलेले. ग्रुपातलं बोलणं हळूहळू दोघांपुरतं झालं.

एका सकाळी मैना अंघोळीला गेली असताना भिकाजीने तिचा फोन उघडला. चोरी केल्यासारखं वाटलं, तरी उघडला. लपवून ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. पानांचे फोटो, खोडाचे फोटो. आणि रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला सरांची एकच ओळ: 'आज वेल कशी आहे?' खाली मैनाचं उत्तर. 'दुपारी पानं मान टाकतात, उन्हं कलली की परत उभी राहतात. बघून बरं वाटतं. आज बराच वेळ तिथेच बसले होते.'

भिकाजीने ते तीनदा वाचलं. एवढं भरभरून ती त्याच्याशी कधी बोलली होती, ते त्याला आठवेना. त्या म्हाताऱ्याने काही वावगं लिहिलं असतं तर बरं झालं असतं, जाऊन भांडता तरी आलं असतं.

त्याच आठवड्यात त्याला ते दिसलं. जोराची सर आली होती आणि तो पडवीत उभा होता. छपराच्या पत्र्याची पन्हळ जोडावर निसटली होती आणि सगळं पाणी धारेने नेमकं वेलींच्या आळ्यात पडत होतं. पाऊस थांबला की धारही थांबायची, आणि मैना पाऊस थांबल्यावरच परसात यायची. वर चढून एक बोल्ट आवळायचा, दहा मिनिटांचं काम.

'सांगू दे की तिच्या सराला,' तो मनात म्हणाला आणि आत गेला.

वीस दिवस गेले. एका वेलीची पानं गळली, खोड मऊ पडलं. मैनाने माती उकरली तर मुळं काळी पडून कुजली होती. ती पायरीवर बसून राहिली.

"नर गेला," ती म्हणाली.

"येका वेलीपायी येवडं काय?" भिकाजी म्हणाला. त्या संध्याकाळी सहाला फोन वाजला आणि मैनाने डोळे पुसून तो उचलला. फोनवर ती रडली. त्याच्यासमोर रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चिपळूणला दोस्ताकडे जातो म्हणून तो निघाला. जयगडपर्यंत एसटीने, तिथून फेरीबोटीने तवसाळ, पुढे रिक्षाने गुहागर. बोलायचं काय ते वाटभर ठरवत होता.

बिवलकरांचं घर सुपारीच्या बागेत होतं. पंच्याहत्तरीचा, कमरेत वाकलेला माणूस काठी टेकत दारात आला.

"मी मिरजोळ्याचा. मैनाचा नवरा."

म्हातारा गडबडला. "या, या, बसा. माफ करा हं, मी जरा... त्यांनी कधी उल्लेख केला नाही. मला वाटायचं, त्या एकट्याच राहतात."

भिकाजी बसला. ठरवलेलं सगळं डोक्यातून गेलं.

"खोटं नाही बोलल्या त्या," बिवलकर घाईने म्हणाले. "पाणी कोण घालतं, जाळी कोणी बांधली, मी विचारायचो. त्या म्हणायच्या, मीच. म्हणून आपला माझा समज झाला."

आतून पन्ह्याचा पेला आला. तो हातात धरून भिकाजीने कसंबसं विचारलं, "नर गेला. आता फळ नाय धरनार?"

"फळ?" बिवलकरांना नवल वाटलं. "छे हो! तिला हिवाळ्यात कडक थंडी लागते. आपल्याकडे कुठली? दोन्ही वेली जगल्या असत्या तरी फळ धरलं नसतं. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना."

"मग तिनं ठेवली कशाला?"

"मीही विचारलं होतं. म्हणाल्या, वाढू दे. पण ते पाणी कुठून येतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. फोटोत दिसत नाही ना. तिथे उभं राहणारं माणूस हवं."

भिकाजीने पन्हं एका दमात संपवलं आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शिडी लावली, पन्हळ जोडावर बसवली, बोल्ट आवळले. मग पहार घेऊन आळ्यापासून कुंपणापर्यंत चर मारायला घेतला. कातळावर पहार खणखणत होती. आवाजाने मैना बाहेर आली. तिने वर पन्हळीकडे बघितलं, मग आळ्याकडे.

"पानी हितनं पडत होतं?"

"व्हय."

"तुमाला कदीपासनं ठावं?"

त्याने पहार खाली ठेवली. खोटं बोलता आलं असतं. "वीस-बावीस दिस झाले."

ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, कसलाच आला नाही. तो खणत राहिला. दुपारपर्यंत चर कुंपणाला लागला आणि आळ्यात साचलेलं गढूळ पाणी हळूहळू सरकून वाहायला लागलं.

ती फोन घेऊन बाहेर आली ती तेव्हाच. "जरा बाजूला व्हा. सावली पडते तुमची."

तो बाजूला झाला. तिने फोटो काढले आणि फोन तोंडाजवळ नेला. भिकाजी मातीच्या हातांनी तसाच उभा राहिला.

"सर, पन्हळीचं पाणी पडत होतं. आता बंद झालंय. चर पण मारलाय," ती म्हणाली. कुणी मारला, ते म्हणाली नाही. फोन कमरेला खोचून आत गेली.

भिकाजी मांडवाखाली गेला. मेलेली वेल जिवंत वेलीला जागोजागी विळखे घालून बसली होती. त्याने तिला ओढली नाही. शिडी सरकवून तो वर चढला आणि वाळका एकेक वेढा, दुसरीचं पान तुटू नये म्हणून दोन बोटांनी धरत, सोडवायला लागला.