परतीच्या तारखेचा रकाना

मित्रांनो, मला हात लावता येत नाही, उचलता येत नाही, तरीही मी जुना झालो आहे. मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाचा एक प्रोजेक्ट आहे. म्हणजे संगणकाच्या पोटात राहणारी माहिती प्रणाली.

माझा जन्म अमरावतीच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये झाला. अकोल्याहून येणाऱ्या अश्विनने मला ग्रंथालयासाठी घडवले. कोणते पुस्तक कोणी नेले, हे मी सांगणार होतो. पण परीक्षेच्या दिवशी त्याने माझ्यात भरलेल्या पुस्तकाचे नाव 'एबीसी' होते, आणि ते नेणाऱ्याचेही 'एबीसी'. परीक्षकांनी "छान" म्हणून सही केली. मला वाटले, आता उद्यापासून काम सुरू. उद्यापासून सुरू झाली ती उन्हाळ्याची सुट्टी.

आमच्याकडे रीत अशी, की मोठ्यांचा प्रोजेक्ट धाकट्यांना आशीर्वादासह मिळतो. पुढच्या वर्षी श्यामने वरचे नाव बदलले आणि मी रुग्णालय झालो. आतले रकाने बदलायचे राहून गेले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पडद्यावर बोट ठेवले.

"रुग्णाच्या नावाखाली हे 'लेखक' काय आहे?"

"वडील, सर," श्याम शांतपणे म्हणाला.

"मग 'प्रकाशक'?"

"आई, सर."

"बरं," परीक्षक म्हणाले, आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

नंतर मी हॉटेल झालो, मंगल कार्यालय झालो. एका वर्षी तर सेमाडोहची जंगल सफारी झालो आणि वाघालाही लेखक विचारला. कौतुक दरवर्षी झाले, काम कधीच मिळाले नाही. बंद लॅबमध्ये मी एकाच गोष्टीसाठी झुरत असे. कोणीतरी माझ्यात एक खरे नाव भरावे.

मग मी भातकुलीच्या पौर्णिमाच्या वाट्याला आलो. तिनेही नाव तेवढे बदलले, पण मॅडम म्हणाल्या, "हा प्रोजेक्ट इथं माझ्याहून सीनियर आहे. याला खरोखर वापरणारं एक माणूस दाखव. नाही तर मी सही करत नाही."

पौर्णिमा मला लॅपटॉपमध्ये घालून घरी घेऊन गेली. घरी तिची मावशी, मैनाबाई. आईविना पोरीला तिनेच वाढवले होते. मैनाबाई बचत गटाची भांडी सांभाळायची. लग्नकार्यात गंज, पराती, कढया गावभर जायच्या आणि गावभरच राहायच्या.

"मावशी, हे वापरून पाय ना."

"मले काहून? मले सारं तोंडपाठ हाय."

"मंग मोठी कढई कुठी हाय?"

मैनाबाईने जरा विचार केला. "असन इथंच कुठं गावात."

त्या आठवड्यात पौर्णिमाने मला मुळापासून दुरुस्त केले. लेखक गेला, प्रकाशक गेली. वस्तू, नग, नेणारा, परतीची तारीख एवढेच उरले. मैनाबाई भिडेपायी कोणाला तारीख विचारायची नाही, म्हणून तारखेशिवाय मी पुढे सरकायचेच नाही, असे पौर्णिमाने मला बजावले. मग मैनाबाईने एका बोटाने अक्षरे हुडकत लिहिले, 'गंज, एक, खुशालराव.' मित्रांनो, माझ्या आयुष्यातले पहिले खरे नाव! हे खुशालराव कोण, मला ठाऊक नाही. पण त्यांच्यासाठी मी काहीही करीन.

तारीख उलटली की मी नाव लाल करायचो. मग मैनाबाई मला काखोटीला मारून त्या दारात जाऊन उभी राहायची. मोठी कढई अशीच सापडली. तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्ले निघेपर्यंत मुदत वाढवून दिली.

मॅडमनी सही केली. पौर्णिमा पास झाली आणि पुण्याला नोकरीला लागली. तिकडे तिला नवा लॅपटॉप मिळाला. मी मावशीजवळ राहिलो. लग्नसराई सरली, आणि माझ्यावर फडके पडले. फोनवर पौर्णिमा "येतो, येतो" म्हणायची. यायची नाही.

एका दुपारी मैनाबाईने फडके काढले. वस्तूच्या रकान्यात तिने लिहिले, 'पौर्णिमा.' नग, 'एक.' नेणारा, 'पुणे.' तारखेपाशी मात्र तिचे बोट थांबले. मीही अडलो. मला तसेच शिकवले होते. तिने फोन लावला.

"पौर्णिमा, तुहं मशीन अडून राह्यलं."

"काहून?"

"तारीख मागून राह्यलं. भांडं गेलं एक पुण्याले."

"मावशी, तू विचारून राह्यली का?"

"मी नाही बाई विचारत," मैनाबाई म्हणाली. "हे विचारून राह्यलं."

"महालक्ष्म्यांले," पौर्णिमा हळूच म्हणाली. "लिही."

मित्रांनो, मार्क मिळाले की आम्हाला टाकून देऊ नका. अधूनमधून उघडा, धूळ पुसा, एखादे खरे नाव भरा. आम्ही सगळे लक्षात ठेवतो. पण जाऊन आणणे आम्हाला जमत नाही.

महालक्ष्म्या, म्हणजे पुण्याकडच्या गौरी, उद्या बसतात. मैनाबाईने सकाळपासून मला चार्जिंगला लावून दाराकडे तोंड करून ठेवले आहे. तुमच्यापैकी कोणी पुण्यात असेल, तर तेवढे पौर्णिमाला सांगा. मला तिचे नाव लाल करायचे नाही.