कर्ता नसलेलं वाक्य

ग्वेननं प्रश्न अगदी सहज विचारला होता. भाषांतर करणाऱ्याला रोज पडणारा साधा प्रश्न.

"कादोतासान, ते खिडकीतलं वाक्य आहे ना, त्यात ढकललं कोणी?"

चिगुसा कादोतानं खुर्ची जरा मागं सरकवली. संगणकाच्या पडद्यावर ग्वेनचा चेहरा दिसत होता. गोल चष्मा, हातात चहाचा मग. बाई मूळची वेल्सची, पण कोबेत इतकी वर्षं काढलेली की फोनवर तिला कुणी परकी म्हणालं नसतं. चिगुसानं एकटीनं रचलेला संगणकावरचा खेळ ती इंग्रजीत नेत होती.

खेळ छोटासाच होता. समुद्राकाठच्या घरात एक मुलगी एकटी आहे, घरात हळूहळू पाण्याचा आवाज वाढतोय, आणि तिला एकेक खोली ओलांडत माडीवर जायचं आहे. माडीच्या खिडकीतून बोटी लागतात तो धक्का दिसतो. धक्क्यावर दोन सावल्या. तिथं चिगुसानं लिहिलं होतं: 'दोघं उभी होती. ढकललं. एकच उरलं.'

"जपानीत चालून जातं हो," ग्वेन म्हणाली. "कोणी, कोणाला, काही सांगावं लागत नाही. इंग्रजी फार चौकस भाषा आहे. कर्ता मागतेच."

"ढकललं गेलं, असं नाही होणार?"

"होईल. पण वाचणाऱ्याला वाटेल, लिहिणारी काहीतरी लपवतेय."

"लपवत कुठं आहे मी?" चिगुसा जरा जोरातच म्हणाली. ग्वेन वाट बघत होती, मगातून वाफ निघत होती, आणि काहीतरी बोलून हा प्रश्न एकदाचा बंद करावा एवढंच चिगुसाला सुचत होतं.

"आई," ती म्हणाली. "आईनं ढकललं, असं लिहा."

शब्द तोंडातून गेला. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं मनातसुद्धा पूर्ण केलेलं नव्हतं.

चिगुसा मात्सुयामात राहायची. एका छापखान्यात दुकानांच्या पाट्या नि जाहिराती आखून द्यायची, उरलेल्या वेळात हा खेळ. तिचं गाव मिनोउरा, त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला, वर डोंगराच्या पायऱ्यांवर मिकान नावाच्या संत्र्यांच्या बागा आणि खाली मासे पाळायचे तराफे. बाप त्या तराफ्यांवर कामाला होता. दारू प्यायचा, घरी येऊन हात उचलायचा. चिगुसा शाळेच्या पहिल्या वर्गांत असताना एका संध्याकाळी तो धक्क्यावरून पाण्यात पडला तो मेलाच. नशेत पाय घसरला, असं पोलिसांनी लिहून घेतलं. चिगुसा तेव्हा माडीच्या खिडकीत होती. दोन सावल्या तिनं पाहिल्या. एक हिसका पाहिला. मग एकच सावली. आईनं तिला कधी विचारलं नाही, तिनं आईला कधी सांगितलं नाही.

जपानात खेळ कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. इंग्रजीत आला आणि सगळं पालटलं. स्वीडनमधला एक दाढीवाला, ज्याला खेळताना बघायला लाखो लोक जमतात, त्यानं तो खेळला. खिडकीपाशी आल्यावर तो किंचाळला नाही. कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि नुसता बसून राहिला. चिगुसानं ते सकाळी कामावर निघण्याआधी पाहिलं, चपला पायात, एका हातात छत्री. त्या दिवसापासून फोन वाजायचा थांबेना. ब्राझील, पोलंड, अमेरिका. लोक रडत होते, अर्थ लावत होते, चित्रं काढत होते. चित्रांत बहुतेक आईच असायची. लांब पांढरे हात, बोटांतून पाणी ठिबकतंय. कुणीतरी टी-शर्ट काढले: 'आईनं केलं ते बरोबर केलं.'

"बघ बघ, काय जीव टाकतात तुझ्यावर!" छापखान्याचा मालक ओगाता म्हणाला. "आता कसली आमची वाण्याची पाटी आखतेस तू."

चिगुसा हसली. ओगाताची पाठ वळल्यावर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. दुपारचा डबा तिनं तसाच परत नेला. असे बरेच डबे परत गेले. झोपताना डोळे मिटले की ते हात दिसायचे. चित्रातले नव्हे, खरे. मिकान सोलणारे, तिचे केस विंचरणारे. लहानपणी आईबरोबर किनाऱ्यानं चालताना आपण कधी समुद्राच्या बाजूनं चालायचो नाही, हे तिला आता आठवलं.

मग कॅनडातल्या एका खेळाडूचा निरोप आला. त्यानं खेळातलं धक्क्याचं चित्र आणि उपग्रहातून काढलेला फोटो शेजारी शेजारी लावले होते. भिंतीचं तेच वळण, टोकाला तोच लाल दिवा. 'हे मिनोउरा ना? तिथल्या एका जुन्या बातमीत कादोता नावाचा माणूस बुडाल्याचं आहे. तुमचे कोण? राग मानू नका, मला तुमचा खेळ फार आवडतो.' खाली एक हसरा चेहरा.

चिगुसानं फोन उशीखाली सारला. मग काढून पुन्हा वाचलं. त्या पोराला राग नव्हता, द्वेष नव्हता, नुसतं कुतूहल. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. कुतूहलाला काय सांगून परत पाठवणार?

पुढल्याच आठवड्यात आईचा फोन आला.

"चिगुसा, तू म्हणे मला जगभर दाखवतेस?"

आवाज नेहमीचाच. मागं कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

"कोण म्हणालं?"

"टीव्हीवाला आला होता ना मात्सुयामाचा. मच्छीमारांच्या सोसायटीत चौकशी करत होता. रविवारी ये. आणि तो खेळ घेऊन ये बरोबर."

"आई, तुला नाही जमायचा तो. भीतीचा आहे."

"मग काय झालं? मी काय भ्यायचं विसरले की काय?"

रविवारी बसमध्ये चिगुसाला दोनदा उतरून परत जावंसं वाटलं. आईला काय सांगायचं? माफ कर? की खरं सांग? आणि आईनं 'हो' म्हटलं तर? तर पुढं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. 'नाही' म्हटलं तर ते खरं की खोटं, हे कसं कळणार, तेही शिकवलेलं नव्हतं.

थांब्यावर शेजारच्या हामायेबाई भाजीचा ढीग घेऊन उभ्या होत्या.

"अगंबाई, आली आमची जगप्रसिद्ध! किती वाळलीस! पैसा खाता येत नाही होय?"

"बऱ्या आहात ना काकू?"

"मी बरी आहे गं." बाईंनी आवाज खाली आणला. "सोसायटीत परदेशातून पत्र आलंय म्हणे कॉम्प्युटरवर. तुझ्या बापाचं विचारत होतं कोणीतरी. अध्यक्षांनी तुझ्या आईला बोलावून घेतलं काल."

"मग? आई काय म्हणाली?"

"तुझी आई कधी काही म्हणते का?"

चढ चढताना चिगुसा प्रत्येक वळणावर थांबली.

तोकिए, तिची आई, सत्तरी ओलांडलेली, अजून हंगामात मिकान निवडायला जाणारी. तिनं माशाच्या वड्या तळून ठेवल्या होत्या. "खा आधी," म्हणाली. चिगुसानं एक वडी उचलली आणि तशीच ठेवली. आईनं तिच्याकडे पाहिलं, वड्यांवर ताटली झाकली आणि म्हणाली, "बरं, लाव तो खेळ."

टीव्हीला सगळं जोडून चिगुसानं आईच्या हातात खेळ चालवायचं यंत्र दिलं. स्वतः मागं बसली, भिंतीला टेकून, दाराच्या जवळ. आपण दाराजवळ का बसलो ते तिचं तिलाच कळलं आणि तिला लाज वाटली. तरी ती उठली नाही.

आईला सुरुवातीला काही जमेना. मुलगी सारखी कपाटावर आपटायची.

"आंधळी आहे का ही?"

"आई, डाव्या अंगठ्यानं चालव. उजव्यानं बघायचं."

"चालताना एकीकडे आणि बघताना एकीकडे? पडणारच मग." पण हळूहळू जमलं. स्वयंपाकघरात आल्यावर तोकिए थांबली. "हे आपलंच. मोरीला एवढी ओल नव्हती हं. माझ्या घराची बदनामी केलीस."

चिगुसाला हसू फुटायला हवं होतं. तिला फक्त पाण्याचा आवाज ऐकू येत होता, जो तिनंच ह्या घराखाली जाऊन टिपला होता. आई जिना चढली. मुलीच्या पायाखाली एकेक पायरी करकरत होती. माडी आली. खिडकी आली. दोन सावल्या दिसल्या.

तोकिएनं मोठ्यानं वाचलं, शाळेतल्या मुलीसारखं, अडखळत. "दोघं उभी होती. ढकललं. एकच उरलं."

पडद्यावर समुद्र हलत होता.

"इंग्रजीत काय लिहिलंय इथं?" तिनं मागं न बघता विचारलं.

चिगुसा चटईची कड बोटांनी उसवत राहिली.

"सांग की. त्या अध्यक्षाला माहीत आहे, हामायेला माहीत आहे. मीच तेवढी राहिले."

"आईनं ढकललं, असं."

तोकिएनं यंत्र खाली ठेवलं. सावकाश वळली. चिगुसाची नजर तिच्या हातांवर गेली, आणि आईनं ती नजर पाहिली. हात उचलून तिनं दोन्ही बगलेत दाबून धरले. एवढ्या एका गोष्टीनं चिगुसाला रडू कोसळलं, पण भीती जाईना. दोन्ही एकदमच आली.

"तू खिडकीत होतीस, ते मला माहीत होतं," तोकिए म्हणाली. "दिवा लागलेला होता. मला वाटलं, लहान आहे, विसरेल."

"मला हिसका दिसला, आई."

"दिसला असेल. ढकललं, ते खरंच आहे. त्यानं ढकललं. मला. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. मी बाजूला झाले. एवढंच. बाजूला झाले. तो गेला तसाच पुढं."

चिगुसानं श्वास सोडला. छातीवरचं ओझं उतरू लागलं होतं. पण आई अजून बोलत होती.

"मग मी उभी राहिले. तो पाण्यात हात मारत होता. माझं नाव घेत होता. हाक मारली असती तर तराफ्यावरची माणसं आली असती, लांब नव्हती. मी हाक मारली. पण लगेच नाही मारली."

खाली भिंतीवर खरा समुद्र आपटत होता. चिगुसाला उठून आईजवळ जायचं होतं आणि दारातून पळून जायचं होतं. ती जागची हलली नाही.

"अध्यक्षाला काय सांगितलंस?"

"सांगितलं, पोलिसांनी लिहिलंय ते वाचा. त्याला तरी कुठं ऐकायचं होतं?" तोकिएनं नाक पुसलं. "आता तू इंग्रजी करणाऱ्या त्या बाईला सांग. माझं नाव काढ तिथून. त्याचं घाल. जे मी केलं नाही ते कशाला मिरवू? आणि जे केलं, ते तुझ्या खेळात नाहीच."

"घालायचं का?"

"नको." तोकिएनं वड्यांवरची ताटली काढली. "तुला माहीत आहे ना आता. पुरे."

ग्वेननं फार काही विचारलं नाही. "चूक माझ्याकडून झाली होती का?" एवढंच म्हणाली. चिगुसा म्हणाली, "नाही, मीच चुकीचं सांगितलं होतं." नव्या आवृत्तीत वाक्य बदललं: त्यानं ढकललं, आणि एकच उरलं. आता उरलं कोण आणि कसं, ते कुणालाच नीट कळेना.

परदेशातले खेळाडू खवळले. तुम्ही घाबरलात, म्हणाले. आमची आई आमच्याकडून हिसकावलीत. एकानं तर तिच्या घराचा पत्ता शोधून काढायची धमकी दिली, आणि चिगुसा कित्येक दिवस दाराला कडी लावून पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिली. दुसऱ्या काहींना नवं वाक्य जास्त भयंकर वाटलं. ते पुन्हा पहिल्यापासून खेळू लागले. खेळ विकला जात राहिला. कॅनडातल्या पोराला चिगुसानं एकच ओळ लिहिली: तो माझा बाप होता, आता शोधू नका. त्यानं माफी मागितली आणि फोटो काढून टाकले. तोवर ते हजारांनी पाहिले होते.

वसंतातल्या सुट्ट्यांत आईचा फोन आला तेव्हा नाव बघून चिगुसानं तो आधी थोडा वाजू दिला. हल्ली दर वेळी असंच व्हायचं.

"दोघं आली होती परदेशातली," तोकिए म्हणाली. "एक मुलगा, एक मुलगी. धक्क्याच्या अगदी टोकाला उभी राहून फोटो काढत होती. शेवाळ असतं तिथं. मी खिडकीतून ओरडले, मागं व्हा, मागं व्हा!"

"कळलं त्यांना?"

"ओरडलेलं कुणाला कळत नाही? अशी दचकली बिचारी! पळालीच."

चिगुसा हसायला गेली. हसू अर्ध्यातच राहिलं. फोनमधून आईचा श्वास ऐकू येत होता, चढ चढून आल्यासारखा जोराचा. आणि खिडकीत उभं राहून ओरडायला माणसाला धाप का लागावी, आई धक्क्यापर्यंत गेली होती का, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

"रविवारी येते मी," ती म्हणाली.

"ये," आई म्हणाली. "लवकरची बस धर."