आकाशात माझा एक पक्षी आहे

मित्रांनो, मी कपड्यांचा एक जुना लाकडी चिमटा आहे. तुम्ही हसण्याआधीच सांगून ठेवतो, माझ्या नावावर एक पक्षी आहे. तुमच्या नावावर काय आहे?

डझनभर भावंडांसोबत मी एका पुठ्ठ्यावर जन्मलो. पहिली तीन वर्षं मोजे धरले. मोज्यांनी मला नम्रता शिकवली. ती पुढे राहिली नाही.

मग दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात नेलं. दवाखान्यामागच्या खोलीत दर रविवारी दोरी बांधायची, एकेकाने आपला फोटो टांगायचा. नियम एकच. फोटो टांगलेला असेपर्यंत काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी आधी एक चांगलं सांगायचं, मग एक सूचना करायची. मीही तोंड मिटूनच काम करतो. नियम माझ्यावरूनच घेतला असणार.

मंडळात एक शिंपीणबाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. मावशी इतक्या सज्जन, की त्यांना सूचना करायची कुणाला हिंमतच होत नसे. "छान आहे हं, मावशी," की पुढचा फोटो. तीन वर्षं हेच. एका रविवारी फोटो टांगता टांगता त्या पुटपुटल्या, "आज परत नुसतं 'छान' ऐकलं, तर कॅमेरा भाचीला देऊन टाकणार."

हे फक्त मी ऐकलं. इतका दचकलो, की फोटो निसटला. मावशींनी तो पुन्हा लावला. पण आधी जिथे मी चावलो होतो, तिथे माझ्या स्प्रिंगच्या गंजाच्या दोन तिरक्या रेघा उमटल्या. बरोबर आकाशात.

फोटो मावशींच्या यजमानांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा होता, समोरच्या फुटपाथवरून काढलेला.

"वा! पक्षी काय टिपलाय!" कंपाउंडर म्हणाला.

"ही जात फक्त हिवाळ्यात दिसते," भूगोलाचे निवृत्त मास्तर म्हणाले.

"थोडा डावीकडे उडायला हवा होता," कुणीतरी सूचनाही केली.

मित्रांनो, तीन वर्षांत मावशींना मिळालेली ती पहिली सूचना, आणि तीही माझ्या कामावर! माझी छाती फुगली. स्प्रिंग कुरकुरली.

मावशींनी मात्र नियम मोडला. "पक्षी कसला? चिमटा चावलाय तिथं!"

मास्तरांनी चष्मा पुसला. "तरीच शेपूट दिसेना."

"शर्ट आखूड झाला, तर माझ्या तोंडावर सांगता ना? मग इथंच कसली भीड? खटकलं ते बोला की!"

मग सगळे उठून दोरीजवळ आले आणि फोटो पहिल्यांदाच नीट पाहू लागले.

"दारातला उजेड झकास पकडलाय," कंपाउंडर हळूच म्हणाला. "पण मावशी, खरं सांगू? आकाशच फार आहे. माणूस मुंगीएवढा. इतक्या लांब का उभ्या राहता?"

"जवळ गेलं की हे ओरडतात, उजेड अडवू नकोस म्हणून."

"मग पलीकडच्या बाजूने जा. आणि उभ्या राहू नका, बसा. त्यांचे हात दिसू देत."

मावशींनी हे शिलाईच्या वहीत, मापांच्या खाली लिहून घेतलं.

मला मात्र शिक्षा झाली. संपलेल्या सेलसोबत खणात! माझ्या जागी निळा प्लॅस्टिकचा चिमटा आला. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. दुसऱ्याच रविवारी तो तुटला, एवढंच सांगतो.

त्याच रविवारी मावशी आल्या. म्हणाल्या, "माझा चिमटा कुठंय?"

माझा! खणातले सेलसुद्धा क्षणभर चार्ज झाल्यासारखे वाटले.

नव्या फोटोत काळे, तेलकट दोन हात होते. पाण्यात दाबलेली ट्यूब होती, आणि पंक्चर सापडल्याचा तो पहिला बुडबुडा. वरच्या कडेला दोन बोटं कोरा कागद सोडलेला. "ही याला चावायला जागा," मावशी म्हणाल्या आणि नियमाप्रमाणे गप्प बसल्या.

कुणीही 'छान' म्हणालं नाही. आधी सगळ्यांनी जवळ येऊन पाहिलं. मग मास्तर वाकले. "हा बुडबुडाच आहे ना? की पुन्हा चिमटा?"

सगळ्यांत मोठ्याने मावशी हसल्या. कॅमेरा अजून त्यांच्याकडेच आहे. भाची रुसली आहे.

तर मित्रांनो, कुणाचा फोटो हाती आला तर कडेला धरा. आधी नीट बघा. मग एक चांगलं सांगा, एक खरं सांगा. आणि माझ्यासारख्याच्या स्प्रिंगला वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. नाही दिलात तरी हरकत नाही. मी आणखी पक्षी काढीन.