इनेसचे इंग्रजी पाढे

आमचा विश्वजीत स्पेनला गेला स्ट्रॉबेरीचं शिकायला आणि आला बायको घेऊन. इनेस. पोरगी गुणी, वर्षात मराठी बोलायला लागली. पण घरात नुसतं बसणं तिला जमेना. पाचगणीच्या एका शाळेत शास्त्र शिकवायची जागा निघाली, मुलाखत इंग्रजीत. नोकरी लागली तर दोघं इथंच वाईत माझ्याजवळ राहणार, नाही तर एप्रिलात परत स्पेन. आमचे हे तर वारले, ही दोघंही गेली की घरात मी एकटीच. मी काय गप्प बसते होय? चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलीत मी.

जाडजूड शब्द तिला येतच होते. निम्मे म्हणे स्पॅनिशचे चुलतभाऊ. गाडी अडायची ती 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' असल्या किरकोळीत. एका 'पुट'ला मेले बारा अर्थ! म्हटलं, अगं त्यात काय, पाढे करू. रोज सकाळी भाकरी थापता थापता ओळीनं म्हणून घेतले. दोन महिन्यांत दीडशे शब्द घडाघडा. मी लय खूश.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, मूल ऐकत नसेल तर काय कराल? हवा होता तो शब्द यादीत अठ्ठेचाळिसावा. आमची पोरं तेरा सत्ते विचारलं की तेरा एकेपासून सुरू करतात ना, तसंच झालं. बाईसाहेब मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत बसल्या. साहेबांना वाटलं, हिला येत नाही. जागा दुसरीला गेली.

विश्वजीत मोबाइलवर तिकिटं बघायला लागला.

"चूक माझी हाय," मी म्हणाले. या घरात हे मी पहिल्यांदाच म्हणाले असेन.

"जूनमध्ये परत जागा निघेल," इनेस म्हणाली. "आई, तुम्ही रोज माझ्याशी इंग्रजीत बोलणार असाल तर मी थांबते. पाढे मात्र नकोत."

"आई? आणि इंग्रजीत?" विश्वजीत हसला आणि पुन्हा तिकिटं बघू लागला.

इतकी वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजीत कुणाशी म्हणून बोलले नव्हते. आणि आता चुकायचं ते सुनेपुढं!

"इनेस," मी म्हणाले, "यू डोन्ट गो. आय ॲम... होल हाऊस, ओन्ली मी."

दोघं बघतच राहिली. चुकतंय ते मला कळत होतं. तरी तसंच बोलत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते.