राहू दे

तिनं हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि तेवढाच तुकडा पाचव्यांदा ऐकला. आधी तिचा स्वतःचा आवाज, "रेकॉर्डर चालू ठेवू ना?" मग खुर्ची करकरल्याचा आवाज. मग घोगरं, थकलेलं "राहू दे."

गेले सहा महिने हे दोन शब्द तिनं काकूंचा होकार म्हणून धरले होते. काकू म्हणजे कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची बायको. घड्याळजी जाऊन चार वर्षं झाली, तरी काकू घरात त्यांच्याशी बोलत. जोडीदार गेल्यावरही त्याच्याशी बोलत राहणारी माणसं, हाच तिच्या प्रबंधाचा विषय होता, आणि काकूंच्या त्यांच्याशी चाललेल्या बोलण्याच्या चाळीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावर त्यातलं सर्वांत चांगलं प्रकरण उभं होतं.

आज विद्यापीठाचं संशोधन-नीतीचं प्रशिक्षण पूर्ण करायची शेवटची तारीख. पाच वाजेपर्यंत झालं नाही तर कामाची परवानगी रद्द. सगळे ते चहा पितापिता उरकतात. तीही उरकत होती. शेवटच्या प्रश्नापाशी गाडी अडली. आपल्या एका ध्वनिमुद्रणात किती जणांचे आवाज आहेत, आणि प्रत्येकाची संमती घेतली का? दोन लिहून मोकळं व्हायचं होतं, तरी खात्रीसाठी तिनं त्या ध्वनिमुद्रणाचा मजकूर उघडला. बोलणं ऐकून टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक आवाजाला क्रमांक दिला होता. ती पहिली, काकू दुसऱ्या. 'राहू दे'समोर तीन होतं.

मार्गदर्शक सरांना फोन केला तर ते हसले. यंत्रच ते, काकूंचा घसा बसला असेल, दोन लिही आणि सूट, म्हणाले. तिलाही ते पटलं. तरी तिनं पर्स उचलली. काकूंचं घर दहा मिनिटांवर होतं.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या दिवशी तुमचा घसा बसला होता का, असं तिनं आडून आडून विचारलं.

"राहू दे? मी कुठं म्हणाले? तू विचारलंस, मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले."

खिडकीजवळच्या खुर्चीत कोणी नव्हतं. उशी मात्र पाठ टेकून टेकून दबलेली होती. तिला भीती वाटली. त्याहून जास्त भीती प्रकरण हातचं जाण्याची वाटली, आणि त्याची लाजही वाटली.

"म्हणजे चालू राहू दे, की नको?"

"ते मला कधी कळलंय?" काकू हसल्या. "आणखी वाढू का, राहू दे. दिवा मालवू का, राहू दे. चाळीस वर्षं अंदाजानंच संसार केला."

"मग तुम्ही सांगा. ते बोलणं मी ठेवू का?"

"मी एकटी कशी सांगू? बोलणं दोघांचं. त्यांनाच विचार."

प्रशिक्षणात दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. स्पष्ट विचारा, आणि गप्प बसणं म्हणजे होकार समजू नका. तिनं काकूंना विचारून रेकॉर्डर चालू केला आणि खुर्चीकडे तोंड केलं.

"काका, त्या दिवशीचं बोलणं ठेवू का? हो की नाही, एवढंच सांगा."

रस्त्यावरून एक गाडी गेली. काकूंचे हात थांबले. त्यांनी मान किंचित खुर्चीकडे कलवली, मग डोलावली आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

"काय म्हणाले?"

"तू ऐकलं नाहीस?" काकूंना नवल वाटलं. "असेल की तुझ्या यंत्रात."

आपल्या टेबलाशी परतली तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. तिनं हेडफोन लावले. तिचा प्रश्न, गाडी, मग काहीच नाही. पुढे थेट तिचंच 'काय म्हणाले?' आणि काकूंचं बोलणं. तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी रडू आलं, कारण आता पळवाट उरली नव्हती. तिनं आवाज तीन लिहिले, तिसऱ्याच्या संमतीपुढे 'नाही' लिहिलं, प्रशिक्षण पूर्ण केलं आणि सहा महिन्यांपूर्वीची ती चाळीस मिनिटं पुसायला घेतली.

ही फाइल कायमची पुसायची का, असं पडद्यावर आलं. खाली 'हो' आणि 'नाही'. हेडफोन अजून कानांवरच होते, पण त्यात काही चालू नव्हतं.

"राहू दे," अगदी जवळून आवाज आला.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग काकूंनी चाळीस वर्षं केला असेल तसाच अंदाज तिनंही केला, की हे तिच्या 'ठेवू का?'चं उत्तर आहे आणि त्याचा अर्थ 'नको', आणि 'हो' दाबलं.